ठाणे-कल्याणातल्या डॉक्टर, वकील, सीए संघटना : शाखेच्या समितीवर कोण बसतं, काम काय असतं आणि गावाला त्याचा उपयोग कसा होतो?

मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यातल्या गावागावांतून आता डॉक्टर, वकील, सीए झालेली मुलं-मुली आहेत. दवाखाना टाकायचा तर कल्याणला, ऑफिस काढायचं तर डोंबिवली नाहीतर ठाण्याला. गावाला ती दिसतात गणपतीत आणि लग्नसराईत. यातले बरेच जण आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासद असतात. वर्गणी भरलेली असते, ओळखपत्र खिशात असतं. पण शाखेची समिती कोणती, तिथं काय ठरतं, असं विचारलं की उत्तर येतं, "ते आपल्याला काही माहीत नाही, तिथं सीनियर लोक बघतात."

इथंच गावाचं नुकसान होतं. कारण आरोग्य शिबिर कुठल्या गावात घ्यायचं, डॉक्टरांच्या शिक्षणाच्या कार्यक्रमात विषय कोणता ठेवायचा, कायद्याची माहिती सांगायला वकील कुठल्या पाड्यावर पाठवायचा, हे सगळं समितीत बसलेली आठ-दहा माणसं ठरवतात. त्या आठ-दहांत कुणी मुरबाडच्या रस्त्याचा नसेल तर शिबिर स्टेशनजवळच्या हॉलमध्येच होणार. त्यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. माणूस आपल्या डोळ्यासमोरचंच बघतो.

संघटना दोन जातीच्या

आधी एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण इथं बऱ्याच लोकांची गल्लत होते.

काही संस्था कायद्यानं झालेल्या आहेत. तिथं नाव नोंदवल्याशिवाय व्यवसायच करता येत नाही. सीए मंडळींची इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संसदेच्या १९४९ च्या कायद्यानं, १ जुलै १९४९ ला अस्तित्वात आली. तिच्या पाच विभागीय परिषदा आहेत. आपल्याकडची पश्चिम विभागाची परिषद मुंबईत बसते आणि तिच्याखाली ठाणे शाखा, कल्याण-डोंबिवली शाखा अशा शाखा चालतात. वकिलांची सनद १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते. ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.

दुसऱ्या संघटना स्वखुशीच्या. डॉक्टरांची इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, १९२८ साली कोलकात्यात स्थापन झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथं तिच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. आयएमएत फक्त ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना सभासद होता येतं. ग्रामीण भागात ज्यांच्याकडे आपण जास्त जातो त्या बीएएमएस डॉक्टरांची निमा ही वेगळी संघटना आहे. होमिओपॅथीवाल्यांच्या त्यांच्या त्यांच्या. वकिलांचं तसंच. सनद बार कौन्सिलची, पण ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर असं जिथं कोर्ट तिथं वकिलांची आपली बार असोसिएशन, म्हणजे वकील संघटना.

सामान्य माणसाला याचा उपयोग एवढाच, की तक्रार कुठं करायची ते कळतं. डॉक्टरनं गैरवर्तन केलं तर आयएमएच्या शाखेकडे जाऊन त्याची नोंदणी रद्द होत नाही. तो अधिकार मेडिकल कौन्सिलचा. वकिलानं पैसे घेऊन काम केलं नाही तर बार असोसिएशनचे अध्यक्ष फार तर त्याला बोलावून समजावतील, शिस्तभंगाची कारवाई बार कौन्सिल करणार. लोक शाखेच्या दारात भांडतात आणि "संघटना त्यांच्याच बाजूची" म्हणत परत येतात, त्यात अर्ध्या वेळा दरवाजाच चुकलेला असतो.

समितीत काम काय असतं

शाखेची कार्यकारिणी म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि काही सदस्य. तिच्याखाली उपसमित्या. डॉक्टरांच्या शाखेत व्याख्यानं ठरवणारी एक, समाजकार्याची एक, खेळ आणि स्नेहसंमेलनाची एक, महिला डॉक्टरांची एक, अशी साधारण रचना. सीएंच्या शाखेत विद्यार्थ्यांसाठी वेगळी समिती असते, कारण आर्टिकलशिप करणारी पोरं त्यांच्याकडे मोठ्या संख्येनं असतात. वकील संघटनेत ग्रंथालय, बाररूम, कल्याण निधी बघणारे असतात.

या कामाला पगार नाही. मीटिंग बहुतेक रात्री, ओपीडी किंवा ऑफिस सुटल्यावर. फ्लेक्सवर फोटो लागतो तो अध्यक्षांचा, पण शाखा चालते सचिव आणि खजिनदार या दोघांवर. सभेची सूचना काढणं, इतिवृत्त लिहिणं, हॉल बुक करणं, वक्त्याला तीन वेळा फोन करणं, पावत्या फाडणं, बँकेत खेपा घालणं. गावातल्या विकास सोसायटीत किंवा दूध डेअरीत ज्यानं काम केलंय त्याला हे नवीन नाही. माणसं शिकलेली, मोठमोठ्या डिग्र्यांची, पण इतिवृत्त लिहायला कुणी पुढं येत नाही ही तक्रार तिथंही तीच.

मग लोक करतात कशाला? ओळखी वाढतात हे उघड कारण. दुसरं कारण कमी बोललं जातं. वकील, सीए, डॉक्टर यांना आपल्या नावाची जाहिरात करून गिऱ्हाईक गोळा करायला त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी बंदी आहे. एखाद्या सीएनं गावात जाऊन "माझ्याकडे या" असा बोर्ड लावला तर त्याच्यावरच कारवाई होऊ शकते. पण शाखेच्या नावानं जीएसटीची, कर्जाच्या कागदांची माहिती सांगायला सभा घेता येते. लोकांपर्यंत सरळ मार्गानं पोचायचं तर संघटना हीच वाट.

शिवाय शिक्षणाची सक्ती. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना डॉक्टरला ३० क्रेडिट गुण दाखवावे लागतात. हे गुण मिळतात ते सीएमई म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांतून. सीएंनाही दरवर्षी ठरावीक तास शिकावं लागतं. हे कार्यक्रम भरवणाऱ्यांत शाखांचा वाटा मोठा असतो. म्हणजे डॉक्टरांनी काय शिकायचं यात शाखेच्या उपसमितीचा हात असतो. ही गोष्ट छोटी नाही.

साप चावण्याचं व्याख्यान कोण ठेवणार?

पावसाळा लागला की भातखाचरात उतरलेल्या बाईच्या पायाला घोणस किंवा फुरसं चावतं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि ती चावलेलं कळतही नाही. दात बारीक, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. घरच्यांना वाटतं अपचन झालं. गावातल्या पहिल्या डॉक्टरनं त्या वेळी मण्यार ओळखली तर जीव वाचतो, नाही ओळखली तर रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास बंद.

हे ओळखायला मोठं मशीन लागत नाही. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रुग्णाचं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं की नाही ते बघायचं. खेड्यातल्या दवाखान्यातही जमणारी गोष्ट. सर्पदंशाचं औषध, म्हणजे एएसव्ही, आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर मिळून चालतं. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. पण आराखडा दिल्लीतून निघतो आणि पाड्यापाशी पोचतो तो डॉक्टरच्या हातून.

आता शहरातल्या शाखेच्या व्याख्यान समितीचा विचार करा. समितीतले सगळे शहरात प्रॅक्टिस करणारे. त्यांच्या ओपीडीत डायबेटिस, गुडघे, हृदयविकार. ते विषय ठेवणार तेच, आणि त्यांच्या रुग्णांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या कंपन्यांचाही कल तिकडेच असतो, कारण गुडघ्याचा सांधा विकला जातो, काचेची नळी विकली जात नाही. मार्च २०२४ पासून औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठी केंद्राची नवी संहिता आलीय, डॉक्टरांच्या कार्यक्रमांना मदत कशी द्यायची यावर तिच्यात बंधनं आहेत. पण विषय तरी कुणीतरी सुचवावा लागतोच. शहापूर-मुरबाडकडचा एक डॉक्टर त्या समितीत बसला आणि मे महिन्यात "सर्पदंश आणि विंचूदंश" हे व्याख्यान ठेवा म्हणाला, तर ठेवलं जाईल. नाही म्हणायला कुणाकडे कारण नसतं. सुचवणाराच नसतो.

खेड्यातल्या डॉक्टरनं शहराला शिकवल्याचं उदाहरण कोकणातच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवलं, त्यांचं संशोधन लॅन्सेटसारख्या मासिकात छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडसारख्या ठिकाणी बसून जगाला सांगण्यासारखं काही सापडू शकतं, तर मुरबाडच्या डॉक्टरकडेही कल्याणच्या डॉक्टरांना सांगण्यासारखं असतंच.

कोरोनात काय दिसलं

संघटनेची समिती जिवंत असली की काय होतं हे कल्याण-डोंबिवलीनं २०२० साली पाहिलं. महापालिकेकडे डॉक्टर अपुरे, रुग्ण रोज वाढणारे. तत्कालीन आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांच्या काळात महापालिकेनं आयएमए, निमा अशा डॉक्टर संघटनांना बरोबर घेतलं आणि खासगी डॉक्टरांची "डॉक्टर आर्मी" उभी राहिली. खासगी दवाखान्यांतले डॉक्टर तापाच्या दवाखान्यांत वेळ देऊ लागले. पुढं जून २०२१ मध्ये स्मार्ट सिटी स्पर्धेचे निकाल लागले तेव्हा कोविड काळातल्या नव्या प्रयोगांचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी या दोघांना मिळाला.

पुरस्काराचं सोडा. यातली शिकण्याची गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी कुठल्या भागात कोणता डॉक्टर आहे, कुणाचा फोन काय, कोण येईल आणि कोण येणार नाही, ही माहिती सरकारी फायलीत नसते. ती शाखेच्या सचिवाकडे असते. वर्षानुवर्षं सभा, पिकनिक, क्रिकेट सामने भरवताना ही ओळख झालेली असते. ज्या गोष्टींना आपण बाहेरून "यांची पार्टी चाललीय" म्हणतो, त्यातूनच अडचणीच्या दिवशी फोन उचलणारी माणसं तयार होतात.

ग्रामीण तालुक्यात अशी घट्ट बांधणी कमी. एकेका डॉक्टरमध्ये दहा-दहा किलोमीटरचं अंतर, प्रत्येक जण आपल्या दवाखान्यात एकटा. भातसा, तानसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं, तशी शिकलेली माणसंही जातात. धरणाचं पाणी मागायला निदान आंदोलन तरी होतं.

वकील : पाड्यावरच्या माणसाला वकील फुकट मिळतो, पण त्याला ते सांगणार कोण?

विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. या कायद्यानं महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले आरोपी यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे आपल्या भागातल्या कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी कुटुंबातल्या कुणालाही उत्पन्नाचा दाखला न आणता वकील मिळू शकतो. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, तिचे अध्यक्ष तिथले सर्वात वरिष्ठ न्यायाधीश. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर.

कायद्याची माहिती शिबिरं समिती घेते, पण तिथं बोलायला उभे राहतात स्थानिक वकील. त्यामुळं वकील संघटनेची कार्यकारिणी आणि तालुका समिती यांचं जमतं की नाही यावर बरंच अवलंबून असतं. जमत असेल तर वनहक्क दाव्याची, वारस नोंदीची, वेठबिगारीची माहिती थेट पाड्यावर जाते. नसेल तर तहसील कार्यालयाच्या बाजूच्या सभागृहात वीस माणसं, त्यातली पंधरा कर्मचारी. फोटो काढला, झालं.

वकील संघटनेच्या समितीची आणखी एक बाजू पक्षकाराला रोज दिसते. कोर्टाच्या आवारात बसायला बाक आहे का, पिण्याचं पाणी आहे का, बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं आहे का, लोकअदालतीच्या दिवशी गर्दीचं काय. या गोष्टी न्यायाधीशांपुढं संघटनेनं मांडायच्या असतात. ज्यानं मुरबाडच्या गावातून सकाळची एसटी पकडून आईला कोर्टात आणलंय, तो वकील समितीत असला तर बाकाचा विषय निघतो.

महिलांच्या जागांचं इथं सांगितलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये आपल्याकडच्या, म्हणजे सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायला सांगितल्या. तालुक्याच्या बारपर्यंत हा विचार यायला वेळ लागेल, पण ग्रामपंचायतीत महिला आरक्षणानं काय बदललं हे गावानं आधीच पाहिलंय. तिथं वकिलांपेक्षा सरपंच बाई पुढं आहेत.

सीए : शेतकरी कंपनीचा दंड

गेल्या काही वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच निघाल्या. नोंदणी करून देणारा भेटतो, पुढचं सांगणारा भेटत नाही. कंपनी म्हटली की उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी सीएकडून ऑडिट आणि कंपनी कार्यालयाकडं दोन मुख्य कागद जातात, एक हिशोबाचा आणि एक वार्षिक विवरणाचा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म म्हणजे दिवसाला २००, आणि वर्षभर विसरलं तर ७३ हजार रुपये. एक किलो भात विकला नाही आणि दंड ७३ हजार. डायरेक्टर म्हणून सह्या केलेले शेतकरी मग हादरतात.

हे समजावून सांगायला दोन तासांची एक सभा पुरते. सीए शाखेला असे जनजागृतीचे कार्यक्रम घेता येतात. कल्याण-डोंबिवली शाखेत गावाकडचे सीए आहेतच, फक्त समितीत "या वर्षी एक कार्यक्रम मुरबाडला, एक शहापूरला" असं म्हणणारा हवा. मार्चअखेर आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत सीएला श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून मे-जूनमध्ये मागणी केली तर काम होण्याची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे १ जुलै हा डॉक्टर दिन, सीए दिन आणि महाराष्ट्राचा कृषी दिनही. डॉ. बिधानचंद्र रॉय आणि वसंतराव नाईक दोघांचा जन्म त्याच तारखेचा. शहरात त्या दिवशी दोन्ही संघटनांचे कार्यक्रम असतात आणि गावात लावणी चाललेली असते. एकमेकांचा पत्ता नसतो.

समितीत शिरायचं कसं

पहिली गोष्ट, सभासदत्व कुठल्या शाखेत आहे ते बघायचं. शिकायला पुण्याला किंवा मुंबईला असताना तिथं नाव घातलेलं असतं आणि ते तसंच राहतं. ज्या शाखेत काम करायचं तिथं बदली करून घ्यावी लागते, नाहीतर मत देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. आयएमएत स्थानिक शाखेचं सभासद झालं की राज्य आणि देशपातळीवरचं सभासदत्व आपोआप येतं, त्यामुळं सुरुवात स्थानिक शाखेतूनच. वकील दोन-तीन कोर्टांत काम करतो म्हणून दोन-तीन बारचा सभासद असतो. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये आपल्या बारच्या बाबतीत "एक वकील, एकाच बारमध्ये मतदान" असं तत्त्व घालून दिलं, ते इतर ठिकाणीही आधार म्हणून सांगितलं जातं. मत कुठं द्यायचं हे आधी ठरवलेलं बरं.

दुसरं, थेट अध्यक्षपदावर डोळा ठेवून कुणी जाऊ नये. उपसमितीत निवडणूक नसते, तिथं माणसं नेमून घेतात. वार्षिक सर्वसाधारण सभेला जावं, तिथं बहुतेक सभासद येतच नाहीत, कोरम होण्यासाठी अर्धा तास थांबतात. त्या सभेला जो शेवटपर्यंत बसला त्याला पुढच्या आठवड्यात फोन येतो. कुठलं काम करू असं विचारलं तर न कंटाळता उत्तर द्यावं, "इतिवृत्त लिहीन" किंवा "हिशोब बघीन". एक वर्ष हे नीट केलं की निवडणुकीत सूचक-अनुमोदक शोधत फिरावं लागत नाही.

अंतराची अडचण मात्र खरी आहे. रात्री नऊला कल्याणला मीटिंग सुरू झाली तर मुरबाडला परत जाणाऱ्याचे हाल होतात, आसनगावला उतरून पुढं गावात जाणाऱ्याचेही. कोरोनानंतर मोबाईलवर मीटिंग घ्यायची सवय लागली, पण ती पुन्हा सुटत चाललीय. ग्रामीण सभासदानं हे मागून घ्यावं, दर दोन महिन्यांत एक बैठक रविवारी दुपारी किंवा ऑनलाइन. घटनेत ऑनलाइन बैठकीची तरतूद नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून आणता येते. बाई डॉक्टर असेल, घरी लहान मूल असेल, तर रात्रीच्या मीटिंगचा नियमच तिला बाहेर ठेवतो.

पैसा आणि कागद

स्वखुशीच्या संघटना साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. नवीन कार्यकारिणी निवडून आली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दाखल करायचा असतो. दरवर्षी हिशोबाचं ऑडिट. नवीन लोक उत्साहात सत्कार घेतात आणि हा अर्ज राहून जातो. चार वर्षांनी भांडण झालं की बाहेर येतं, कागदावर कार्यकारिणी अजून जुनीच. बँक सही बदलून देत नाही, हॉलचं भाडं थकतं. गावातल्या देवस्थानाच्या ट्रस्टीत हेच होतं, फक्त तिथं माणसं कमी शिकलेली असतात.

खजिनदारानं रोख हातात ठेवू नये, चेकवर दोन सह्या असाव्यात, देणगीची पावती त्याच दिवशी फाडावी. समितीत नवीन गेलेल्यानं मागचे तीन ताळेबंद मागून वाचावेत. मागितल्यावर कुणी रागावलं तर ते आणखी नीट वाचावेत.

गावानं काय करायचं

गावाला सभासद होता येत नाही, पण मागणी करता येते. आयएमएची "आओ गाँव चलें" अशी योजना आहे, शाखेनं एखादं गाव घ्यावं आणि तिथं सतत काम करावं असा तिचा हेतू. ग्रामपंचायतीनं पत्र देताना "आरोग्य शिबिर घ्यावे ही विनंती" एवढंच लिहू नये. असल्या शिबिराचा अनुभव गावाला आहे. बीपी मोजतात, साखर मोजतात, सात दिवसांच्या गोळ्या देतात आणि आठव्या दिवशी म्हातारी तिथंच. पत्रात लिहावं की शिबिरानंतर दर महिन्याला कोण येणार, जास्त आजारी निघालेल्यांना शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात कोण बघणार. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आधी कळवावं, नाहीतर शिबिरात सापडलेल्या रुग्णाची नोंद कुठंच राहत नाही. आशाताईंकडून आजारी माणसांची यादी आधी करून घेतली तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

सर्पदंशाच्या माहितीसाठी मे महिना गाठावा. आठवी ते दहावीची पोरं, बचत गटाच्या बायका आणि गावातला भगत यांना एकत्र बसवावं. भगताला वगळलं तर लोक रात्री त्याच्याकडेच जातात. त्यालाच सांगून ठेवलं की माणूस आला तर आधी गाडी बोलाव, तर निदान तास वाया जात नाही. तोपर्यंत कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा.

पत्रात गावाचं नाव, पाड्यांची नावं, घरं किती, जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, गाडी कुठपर्यंत येते आणि बोलायला एकाच माणसाचा मोबाईल नंबर द्यावा. पत्र "मानद सचिव" या पदाच्या नावानं पाठवावं, माणसाच्या नावानं नको, कारण सचिव बदलत राहतात आणि जुन्या सचिवाच्या कपाटात पत्र पडून राहतं. पोच घ्यावी. आणि गावचा कुणी त्या शाखेत सभासद असेल तर पत्राची एक प्रत गणपतीला तो घरी येईल तेव्हा त्याच्याही हातात द्यावी.